घोडा का अडला?

आपल्याकडे एक जुनं कोडं आहे. घोडा का अडला, पान का सडलं आणि भाकरी का करपली? तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे! लहानपणी आजीने हे कोडं घातलं तेव्हा उत्तर ऐकून आम्ही भावंडं हसलो होतो. पण सत्तरीच्या उंबरठ्यावर, तेही नोएडात, एका अडलेल्या घोड्यापुढे उभं राहून तेच कोडं नव्याने सोडवायची पाळी माझ्यावर आली.

हा घोडा म्हणजे आमच्या सोसायटीचं गवत कापायचं यंत्र. हाताने ढकलायचं नव्हे, चक्क वर बसून चालवायचं! चार चाकं, स्टीअरिंग, पोटाखाली फिरणारी पाती आणि नाकाडात साधारण पाचशे सीसीचं एका सिलिंडरचं परदेशी इंजिन. अशी यंत्रं आपल्याकडे दिसतात ती गोल्फच्या मैदानांवर किंवा बड्या लोकांच्या फार्महाउसवर. आमच्याकडे ते अशाच एका फार्महाउसवरून जुन्या भावात आलं. सोसायटीचं लॉन मोठं, त्यामुळे समितीने हौसेने घेतलं. आमच्या माळीबाबांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं, ‘टट्टू’! संध्याकाळी टट्टू निघालं की पोरांची वरात मागे.

नोएडा हे नाव कुठल्या गावाचं नाही. न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी या १९७६ साली स्थापन झालेल्या प्राधिकरणाच्या आद्याक्षरांतून ते तयार झालं. कारखान्यांसाठी वसवलेल्या या गावात आज उंच इमारतींचं रान माजलंय. त्या रानात हिरवा तुकडा म्हणजे सोसायटीचं लॉन. तिथेच गणपती, तिथेच छठ, तिथेच होळी. म्हणून होळीच्या आठवडाभर आधी टट्टू सुरू होईना, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर नुसता कल्लोळ झाला.

चोक ओढला की इंजिन धापा टाकत सुरू व्हायचं, चोक सोडला की बंद. कधी चाललंच तर आवाज चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. सचिवसाहेबांनी टाकीतल्या पेट्रोलचा एक थेंब फिल्टर पेपरवर टाकला. चांगलं पेट्रोल उडून जातं, डाग राहत नाही, हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं. इथे तर पिवळट डाग राहिला! ‘भेसळ! माळ्याने पेट्रोल विकून आत रॉकेल भरलं!’ समितीची बैठक बसली. माळीबाबा कोपऱ्यात हात जोडून उभे. ‘हमने कुछ नहीं किया साहब,’ एवढंच म्हणाले. ठराव झाला, कार्बोरेटर बदलायचा आणि त्याचा खर्च माळ्याच्या पगारातून दरमहा हजार रुपये असा कापायचा.

मी समितीचा सदस्य. त्या बैठकीला मी होतो आणि गप्प होतो. का, ते पुढे सांगतो. आधी कार्बोरेटर म्हणजे काय ते पाहू. तो कळला की अर्धं भांडण मिटतं.

फुलवालीची फुंकर

पेट्रोल नुसतं जळत नाही, त्याला हवा लागते. एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पंधरा किलो हवा हवी. घनफळात सांगायचं तर एक लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा! हे प्रमाण जमवून पेट्रोलचा बारीक फवारा हवेत मिसळणं हे कार्बोरेटरचं काम. म्हणजे पोळीच्या कणकेसारखं. पाणी कमी पडलं तर कोरडी, जास्त झालं तर चिकट.

हंगेरीतल्या डोनात बांकी आणि यानोश चोंका या दोन अभियंत्यांनी १८९३ साली अशा फवाऱ्याच्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. त्याच सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाखही त्याच वाटेवर होता. त्या हंगेरियन जोडीची एक गोष्ट सांगतात. रस्त्यात एक फुलवाली नळीतून फुंकर मारून फुलांवर पाणी शिंपडत होती, ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली म्हणे. खरं-खोटं देव जाणे, पण तत्त्व अगदी तेच आहे. हवा अरुंद गळ्यातून वेगाने गेली की तिथला दाब घटतो आणि खालचं पेट्रोल बारीक छिद्रातून आपोआप वर ओढलं जातं.

या छिद्राला ‘जेट’ म्हणतात. इंजिन जोरात चालताना मुख्य जेट आणि हळू चालताना पायलट जेट. पायलट जेटचं भोक कित्येकदा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतं. खाली पेट्रोलची छोटी वाटी, तिच्यात तरंगणारा फ्लोट आणि वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई. आपल्या संडासाच्या टाकीतला बॉल कॉक आठवा, तीच युक्ती. आमच्या टट्टूच्या वाटीखाली आणखी एक गोष्ट आहे, विजेवर चालणारा सोलेनॉइड. किल्ली बंद केली की तो पेट्रोलचा रस्ता बंद करतो, म्हणजे इंजिन थांबताना सायलेन्सरमधून ‘फट्’ असा बार निघत नाही.

आता विचार करा, या अर्ध्या मिलिमीटरच्या भोकात राळेसारखा चिकट थर बसला तर? पेट्रोल कमी, हवा जास्त. चोक ओढून हवा कमी केली की तेवढ्यापुरतं जमतं, सोडली की इंजिन मरतं. म्हणजे आमच्या टट्टूचं दुखणं तंतोतंत.

काचेच्या बरणीतला साक्षीदार

मग हा थर आला कुठून? बैठकीनंतर दोन दिवसांनी मी माळीबाबांना घेऊन तळघरात गेलो, टाकीतलं पेट्रोल रबरी नळीने एका काचेच्या बरणीत काढलं आणि बरणी बाहेर उघड्यावर नेऊन ठेवली. थोड्या वेळाने पाहतो तो दोन थर! वर पेट्रोल, तळाशी बोटभर गढूळ पाण्यासारखा द्राव. वासही रॉकेलचा नव्हे, जुन्या व्हार्निशचा. रॉकेल पेट्रोलमध्ये पूर्ण मिसळून जातं, त्याचा असा वेगळा थर बसत नाही.

पंपावर मिळणारं पेट्रोल आता पूर्वीचं राहिलेलं नाही. जून २०२२ पर्यंत देशात दहा टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं आणि २०२५ पासून हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेलं. इथेनॉल उसाच्या रसापासून, मळीपासून, मक्यापासून होतं. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग आहे, देशाचं आयातीचं बिल कमी होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथेनॉलचा एक स्वभाव आहे. ते पाणी ओढून घेतं. पाणी थोडं असेपर्यंत ते विरघळून राहतं, जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून तळाशी जाऊन बसतात. कार्बोरेटर पेट्रोल तळातूनच घेतो! मग वाटीतल्या धातूवर पांढरी पूड धरते, साध्या रबराचे वायसर फुगतात. शिवाय कुठलंही पेट्रोल महिनोन् महिने साठवलं की त्यातला हलका भाग उडतो आणि उरलेल्याची राळ होते. फिल्टर पेपरची चाचणी ताज्या पेट्रोलसाठी असते. शिळं पेट्रोल भेसळीशिवायही डाग ठेवतं.

पण टाकीत पाणी गेलं कसं? मी माळीबाबांना विचारलं. ते बराच वेळ बोलेनात. मग खाली बघत म्हणाले, ‘बाबूजी, नवंबर में आपने ही तो कहा था, टंकी फुल करके, धो-पोंछके रख देना.’

माझ्या पोटात खड्डा पडला. खरंच! थंडीत इथली दूब सुकते, तीच आपली दूर्वा. डिसेंबर ते फेब्रुवारी गवत वाढत नाही, यंत्र झाकून ठेवतात. मीच शहाणपणाने सांगितलं होतं, टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आतून गंजणार नाही. आमच्या तरुणपणी मोटारींच्या बाबतीत हेच सांगत. आणि पाण्याच्या पाइपने स्वच्छ धुवायलाही मीच लावलं. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, पाणी तिथूनच शिरलं असणार.

‘फिर मीटिंग में क्यों नहीं बोले, बाबा?’

‘सबके सामने आपका नाम कैसे लेता?’

वाचकहो, त्या बैठकीत मी गप्प होतो तो या यंत्रातलं काही कळत नव्हतं म्हणून नव्हे. सचिवांशी वाद कशाला, एवढ्याच विचाराने गप्प होतो. हा माणूस गप्प राहिला माझी लाज राखायला. आणि त्या महिन्याचे हजार रुपये तोवर कापलेही गेले होते!

आधी साफसफाई, मग खरेदी

घरी येऊन सौ.ना सारं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘आधी यंत्र सुरू करा, म्हणजे तुमचं ऐकतील.’ सल्ला बरोबर होता.

इथे एक नियम सांगतो, तो स्कूटरपासून जनरेटरपर्यंत सगळीकडे लागू आहे. इंजिन बिघडलं की कार्बोरेटरवर आळ घेण्याआधी स्वस्त गोष्टी तपासा. शिळं पेट्रोल काढून ताजं घाला. पेट्रोलचा फिल्टर बदला. हवेचा फिल्टर झटका. स्पार्क प्लग काढून पाहा. टाकीचं झाकण सैल करून बघा, त्याचं भोक बुजलं तरी इंजिन काही मिनिटांत मरतं. सोलेनॉइड असेल तर किल्ली फिरवल्यावर ‘टक्’ असा आवाज येतो का ऐका. एवढ्यात निम्मी दुखणी बरी होतात.

नाही झाली तर कार्बोरेटर उघडायचा. मोकळ्या हवेत, जवळ विडी-काडी नको, बॅटरीची ऋण बाजूची वायर आणि प्लगची टोपी काढलेली. उघडण्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात होती, हे नंतर देवालाही आठवत नाही! रबराचे भाग बाजूला ठेवून बाकीचं कार्बोरेटर क्लीनरच्या फवाऱ्याने धुवा. जेटचं भोक साफ करायला विजेच्या वायरमधला तांब्याचा एक तंतू घ्या. पोलादी सुई किंवा टाचणी चुकूनही नको. पितळ मऊ असतं, भोक केसभर मोठं झालं तरी प्रमाण बिघडतं. शेवटी पंक्चरवाल्याकडून हवा मारून घ्या. नवीन वायसर, गास्केट, सुई असा दुरुस्तीचा संच मिळतो. बहुतेक वेळा तोच पुरतो आणि खर्च काही शेकड्यांत आटोपतो.

आमच्या बाबतीत मात्र पुरला नाही. वाटी गंजून खडबडीत झाली होती आणि सुई जिथे टेकते ती जागाच खाल्ली गेली होती. सुई नीट बसेना, पेट्रोल ठिबकत राहिलं. हे दुखणं दुर्लक्ष करण्यासारखं नाही. असं पेट्रोल इंजिनात उतरून ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलची पट्टी काढून पाहावी, पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर इंजिन अजिबात सुरू करू नये. आधी ऑइल बदलावं. नाहीतर हजाराच्या दुखण्यावर लाखाचं ऑपरेशन!

कार्बोरेटर बदलायचाच, अशी दोनच कारणं असतात. एक, धातू असा खाल्ला जाणं. दुसरं, थ्रॉटलचा दांडा ज्या भोकात फिरतो ते भोक झिजून मोठं होणं. दांडा बोटाने हलवून पाहिला आणि खुळखुळला तर त्या फटीतून फुकटची हवा आत शिरतेय असं समजावं.

फोटो पाहून नवरी

आता मुख्य प्रश्न, कुठला घ्यायचा? आमच्यापुढे दोन भाव होते. इंजिनाच्या मूळ कंपनीचा, परदेशातून मागवलेला, वाहतूक आणि जकात धरून साडेनऊ हजारांना. तसाच दिसणारा, दुसऱ्या कुणी बनवलेला, इंटरनेटवर सतराशे रुपयांना. सचिवसाहेबांनी मला विचारण्याआधीच फोटो पाहून सतराशेचा मागवला. बोल्ट बसले, सगळे खूश. पण सोलेनॉइडचा प्लग वेगळा, गव्हर्नरच्या काडीचं भोक भलत्या जागी. मिस्त्रीने वायर जोडून, काडी वाकवून कसंबसं चालवलं. अर्ध्या तासाने प्लग काढला तर टोक पांढरंफटक!

हा पांढरा रंग धोक्याचा. प्लगच्या टोकाचा रंग बिस्किटासारखा तपकिरी असला की प्रमाण ठीक. काळं, काजळी धरलेलं असलं तर पेट्रोल जास्त. पैसे वाया जातात, पण इंजिन लगेच मरत नाही. पांढरं म्हणजे पेट्रोल कमी, इंजिन अति तापतंय, व्हॉल्व्ह आणि पिस्टन जळायची शक्यता. त्यात इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त हवं. जेट जुन्या पेट्रोलच्या हिशेबाचा आणि तोही जरा बारीक निघाला, तर नव्या पेट्रोलवर तूट दुप्पट जाणवते. अशा छोट्या इंजिनांचे बरेच निर्माते दहा टक्क्यांपर्यंतचंच इथेनॉल चालेल असं सांगतात, हेही ध्यानात ठेवायला हवं.

सतराशेचा परत करायला गेलो तर विक्रेता म्हणाला, पेट्रोल लागलेला माल परत घेत नाही. चूक त्याची नव्हती. आम्ही फोटो पाहून नवरी पसंत केली होती!

मग मी जुना कार्बोरेटर पिशवीत घातला आणि मेट्रोने निघालो. नोएडाहून ब्ल्यू लाइनने राजीव चौक, तिथून यलो लाइनने चौथं स्टेशन काश्मिरी गेट. वाटेत चावडी बाजार लागतं. हा शब्द आपल्या मराठीतल्या चावडीवरूनच आला असं सांगतात, ते आठवून उगीच बरं वाटलं. काश्मिरी गेटला गाड्यांच्या सुट्या भागांचा प्रचंड बाजार आहे. तिथे जनरेटरचे भाग विकणाऱ्या एका वयस्क दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, ‘इंजन का नंबर लाए हो?’ भाव नाही, फोटो नाही, आधी नंबर! मी मनातल्या मनात हात जोडले.

त्याने जुना आणि नवा शेजारी ठेवून व्हर्नियरने मोजून दिलं. मूळ कंपनीचा नव्हे, पण नीट बनवलेला, सव्वीसशे रुपयांना. तोच आज टट्टूवर आहे आणि प्लगचं टोक बिस्किटासारखं आहे.

टेबलावरची परीक्षा

त्या दुकानदाराकडून जे शिकलो ते तुमच्यासाठी मांडतो. स्वस्तातला कार्बोरेटर घ्यायला हरकत नाही, पण कोरडा असतानाच त्याची परीक्षा घ्या.

पहिली गोष्ट, नंबर. इंजिनावर मॉडेल, टाइप, कोड असे आकडे ठोकलेले असतात. यंत्राचा नंबर वेगळा, इंजिनाचा वेगळा. कार्बोरेटर इंजिनाच्या नंबरावर घ्यायचा. एकाच ताकदीच्या इंजिनांनाही वेगवेगळे कार्बोरेटर असतात.

दुसरी, मापं. दोन बोल्टांच्या मधलं अंतर आणि हवा जाते त्या गळ्याचा व्यास. गळा एक-दोन मिलिमीटरने कमी-जास्त असला तरी डोळ्यांना कळत नाही, इंजिनाला कळतं.

तिसरी, काड्या आणि नळ्या. चोक आणि थ्रॉटलचे दांडे त्याच बाजूला, त्याच कोनात आहेत का? पेट्रोलची नळी बसते ते तोंड तेवढंच जाड आहे का? सोलेनॉइडचा प्लग तोच आहे का? एकही काडी वाकवावी लागत असेल तर तो आपला कार्बोरेटर नव्हे.

चौथी, हालचाल. चोक आणि थ्रॉटल बोटाने फिरवा. अडकता कामा नये, खुळखुळता कामा नये. उलटसुलट करा, फ्लोटचा हलका आवाज यायला हवा. ओतकामाची कूस, धातूचा कीस आत राहिलेला नाही ना, ते टॉर्चने पाहा.

पाचवी, बिल. पक्कं बिल आणि बदलून देण्याची मुदत. मूळ कंपनीच्या खोक्यात नकली मालही मिळतो. भाव फारच कमी असेल तर खोक्यावरच्या नावाला भुलू नका.

बसवल्यावर आधी इंजिन बंद ठेवून पेट्रोलचा कॉक उघडा आणि दहा मिनिटं थांबा. कुठे ओल दिसली तर तिथेच थांबा. सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने थंड होऊ द्या आणि प्लगचा रंग बघा. जुना कार्बोरेटर फेकू नका. मोजायला नमुना म्हणून तोच उपयोगी पडतो.

मग साडेनऊ हजारांचा मूळ कार्बोरेटर कुणी घ्यावा? यंत्र रोजच्या धंद्याचं असेल, वॉरंटीत असेल किंवा मापाचा दुसरा मिळतच नसेल, तर त्यानेच. आठवड्यातून एकदा चालणाऱ्या जुन्या टट्टूला सव्वीसशेचा पुरतो. आणि सतराशेचा? तो शेवटी सगळ्यांत महाग पडला!

तुमच्या दारातलं टट्टू

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठलं लॉन आणि कुठलं टट्टू? पण दारात जुनी स्कूटर असेल. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले आणि नव्या दुचाक्यांत कार्बोरेटरची जागा जवळजवळ पूर्णपणे फ्युएल इंजेक्शनने घेतली. त्याआधीच्या लाखो गाड्या अजून कार्बोरेटरवर धावताहेत. कोकणात आंब्याच्या बागेत खांद्याला अडकवून चालवायचं ग्रास कटर असेल. त्याच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाटी नसते, पातळ पडदा असतो, म्हणून ते वाकडं-तिकडं धरलं तरी चालतं. पण शिळ्या पेट्रोलने तो पडदा कडक होतो. दुखणं तेच!

म्हणून उपायही तोच. यंत्र महिन्याहून जास्त उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे वाटीतलंही पेट्रोल संपतं. वाटीखाली स्क्रू असेल तर सैल करून उरलेलं काढा. पाण्याने धुवायचं असेल तर टाकीचं झाकण आणि हवेचा फिल्टर प्लास्टिकने बांधून घ्या. डब्यात महिनोन् महिने पेट्रोल साठवू नका. जमत असेल तर पंधरा दिवसांतून एकदा इंजिन चालवा. थोडक्यात काय, घोडा फिरवा!

आणि अंगण लहानसंच असेल तर इंजिनाच्या भानगडीत पडूच नका. १८३० साली इंग्लंडमधल्या एडविन बडिंगने गवत कापायचं पहिलं यंत्र केलं ते हाताने ढकलायचंच होतं. तसली यंत्रं आजही मिळतात. ना पेट्रोल, ना कार्बोरेटर, वर व्यायाम फुकट.

टट्टू सुरू झालं त्या रविवारी मी सचिवांना बैठक बोलवायला लावली. काचेची बरणी घेऊन गेलो. दोन थर सगळ्यांना दाखवले, रॉकेल असतं तर असे थर पडले नसते हे सांगितलं आणि मग म्हटलं, ‘टाकी भरून, धुऊन ठेवायला मी सांगितलं होतं. चूक माझी.’ थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. सचिवसाहेबांनी बरणी उचलून उजेडात धरून पाहिली. मग कागद ओढला आणि ठराव खोडला. कापलेले हजार रुपये पुढच्या पगारात परत द्यायचे ठरलं. सतराशेचे निम्मे मी दिले, निम्मे न सांगता त्यांनी दिले.

माळीबाबांना हे सांगायला गेलो तेव्हा ते टट्टूवर बसून लॉनचा कोपरा कापत होते. इंजिनाच्या आवाजात माझं बोलणं त्यांना ऐकू गेलं नसावं. त्यांनी इंजिन बंद केलं. मी पुन्हा सांगितलं. ‘ठीक है बाबूजी,’ म्हणाले आणि किल्ली फिरवली. पहिल्याच फटक्यात टट्टू सुरू झालं.

आजीच्या कोड्यात एक प्रश्न राहून गेला होता, असं मला त्या दिवशी वाटलं. घोडा का अडला, ते कळलं. पण माणसावरचा आळ का राहिला? तोंड न उघडल्यामुळे!